नकाशातले उरलेले 49 टक्के

1826 साली फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी शिक्षणाचा नकाशा काढला. शाळेत जाणारी मुले कमी, तो प्रांत काळा. जास्त, तो उजळ. छटांनी आकडे दाखवण्याची रीत इथून रुळली. पण रंग दाखवतो तसा लपवतोही.

1941च्या जनगणनेत गुरदासपूर जिल्ह्यात मुस्लिम सुमारे 51 टक्के होते. बहुसंख्याकांचाच रंग भरला, तर अख्खा जिल्हा त्यांचा दिसतो. उरलेले 49 टक्के पुसले जातात. त्याच जिल्ह्यातल्या पठाणकोट तहसिलीत मुस्लिम अल्पसंख्य होते, हेही कळत नाही. फाळणीत शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली, बाकी जिल्हा भारतात राहिला. घरे दोन्हीकडची उठली.

म्हणून टक्केवारीच्या चार-पाच छटा हव्यात आणि हिशेब तहसिलीपर्यंत हवा. वाचणाऱ्यानेही आधी सूची पाहावी, मग रंग.