ठाणे खाडीच्या पाण्याची गुणवत्ता

ठाणे खाडी ही साष्टी बेट व मुख्य भूमी यांच्यामधील, मुंबई बंदराला मिळणारी खाडी आहे. १९६० च्या दशकापासून तिच्या पूर्व काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा विकसित झाला. कारखान्यांचे आणि दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी खाडीत येत असल्याने तिच्या पाण्याची तपासणी महत्त्वाची ठरते.

भारतात किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. स्नान व व्यावसायिक मासेमारीच्या वर्गासाठी प्रतिलिटर किमान ४ मि.ग्रॅ. विरघळलेला ऑक्सिजन आवश्यक मानतात. बंदराच्या पाण्यासाठी ३ मि.ग्रॅ. पुरतो. त्यामुळे एकच पाणी एका वर्गात दूषित, तर दुसऱ्यात समाधानकारक ठरू शकते.

एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणे येथे विशेष धोक्याचे आहे. ठाण्याकडे खाडी अरुंद व उथळ होत जाते. भरतीचे पाणी प्रदूषके विरळ करते. ओहोटीला त्याच जागी निराळे आकडे मिळतात. म्हणून नमुने भरती व ओहोटी अशा दोन्ही वेळी, तसेच उधाणात आणि भांगातही घ्यावे लागतात. ऑक्सिजनचा नमुना तर रसायने घालून जागेवरच स्थिर करतात. जड धातू मात्र गाळाच्या कणांना चिकटून तळाशी साचतात. गाळ न तपासता दिलेला निर्वाळा अपुराच होय. या चिखलातील शैवाल व सूक्ष्म जीवांवर रोहित पक्षी जगतात (खाडीचा काही भाग २०१५ पासून त्यांचे अभयारण्य आहे) आणि काठावरील कोळी याच पाण्यात जाळी टाकतात.