कापूस वेचणारं यंत्र नागपूरला का पोचलं नाही?

जुन्या गाड्या जमवणारे शौकीन आपल्याला माहीत असतात. फियाट, जीप, राजदूत... अमेरिकेत हाच शौक जुन्या ट्रॅक्टरांचाही आहे, आणि त्यातही एक छोटीशी पोटजात आहे: ट्रॅक्टरवर बसवलेली जुनी कापूस वेचणी यंत्रं शोधणाऱ्यांची. कुणाच्या तरी शेडमागे गंजत पडलेलं धूड शोधायचं, कंपनी ओळखायची, साल ओळखायचं, आणि जमलं तर पुन्हा चालू करायचं.

आता समजा असा एखादा शौकीन नागपूरला आला. त्याला वाटेल, वा, खजिनाच मिळाला! यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, चहूकडे कापूस. दीडशे वर्षांहून जुनी कापसाची बाजारपेठ. पण हा गडी महिनाभर भटकला तरी त्याला एकही जुनं वेचणी यंत्र सापडणार नाही. गंजलेलं नाही, मोडकं नाही, भंगारातही नाही. कारण ते इथे कधी वापरातच नव्हतं. विदर्भातला कापूस काल हाताने वेचला जात होता, आणि आजही बहुतेक सगळा हातानेच वेचला जातो.

का बरं? या आठवड्यात त्याच प्रश्नाच्या मागे लागलो होतो. उत्तर वाटलं होतं त्यापेक्षा लांबलचक निघालं.

आधी वेचणी म्हणजे काय ते बघू, कारण आपल्यापैकी अनेकांनी कापूस फक्त मेडिकलच्या दुकानात निळ्या कागदात बघितलेला असतो. पऱ्हाटीवरची सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत. खालची आधी, वरची नंतर. म्हणून वेचे करावे लागतात. दिवाळीच्या आगेमागे पहिला, मग दुसरा, तिसरा, असं जानेवारीपर्यंत चालतं. पहिल्या वेच्याआधी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. मग बाया कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात. फुटलेल्या बोंडातून कापूस असा ओढायचा की वाळलेलं पान, काडी सोबत यायला नको आणि शेजारचं हिरवं बोंड तुटायला नको. मजुरी किलोवर. वजनाला अतिशय हलकी वस्तू दिवसभर किलोकिलोने गोळा करायची, यातली गंमत विचार केला की लक्षात येते.

यंत्राची खरी अडचण इथेच आहे. कोणतं बोंड घ्यायचं आणि कोणतं ठेवायचं हे बोटांना कळतं, लोखंडाला कळत नाही.

अमेरिकेत कापूस वेचणी यंत्राचं पहिलं पेटंट १८५० सालचं आहे, मेम्फिसच्या रेम्बर्ट आणि प्रेस्कॉट या दोघांचं. त्यानंतर शेकडो पेटंट्स निघाली. कुणी हवेने ओढून बघितलं, कुणी विजेने, कुणी दातेरी पट्ट्यांनी. टेक्सासमध्ये १९१४ च्या सुमारास काही शेतकऱ्यांनी तर कुंपणाच्या उभ्या पट्ट्यांची घसरगाडी करून शेतातून ओढली आणि बोंडंच्या बोंडं ओरबाडून काढली. यातूनच 'स्ट्रिपर' जातीची यंत्रं निघाली. ती वेचत नाहीत, ओरबाडतात.

खरा वेचणारा मार्ग निघाला चातीतून. चरख्याला असते तीच चाती! फिरणारी चाती फुटलेल्या बोंडात घुसली की कापसाचे तंतू तिला गुंडाळले जातात आणि बोंडातून सुटतात. हिरवं बोंड गुळगुळीत असतं, त्याला ती धरत नाही. म्हणजे निवड आपोआप झाली. शिकागोच्या अँगस कॅम्पबेलने १८९५ मध्ये अशा चात्यांचं पेटंट घेतलं. पुढे ती पेटंट्स १९२४ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने विकत घेतली.

दुसरीकडे टेक्सासचा जॉन रस्ट धडपडत होता. त्याची अडचण अशी की गुळगुळीत तारेसारख्या चातीला कापूस चिकटेना, आणि काटे लावले तर चिकटलेला सुटेना. १९२७ मध्ये एका रात्री त्याला आठवलं की लहानपणी दवात भिजलेला कापूस वेचताना तो बोटांना चिकटायचा, आणि आजी सूत कातताना चरख्याची चाती ओली करायची. झालं! चाती ओली करा. एवढंच. जॉन आणि त्याचा भाऊ मॅक यांनी मिसिसिपीतल्या स्टोनव्हिलला ३१ ऑगस्ट १९३६ ला या यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक केलं.

आता हे वर्ष बघा. १९३६ च्याच एप्रिलच्या शेवटी गांधीजी नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या शेगाव खेड्यात राहायला आले होते. तेच पुढचं सेवाग्राम. तिथे चातीवर सूत कातून गावातल्या रिकाम्या हातांना काम कसं मिळेल याचा विचार चालला होता, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तीच चाती ओली करून लाखो हात रिकामे होतील की काय अशी चर्चा पेटली होती. विशेष म्हणजे रस्ट बंधूंनाही ती चिंता होती. यंत्र विकण्याऐवजी भाड्याने द्यावं, आणि घेणाऱ्याने मजुरांना किमान वेतन द्यावं, लहान मुलांना कामाला लावू नये अशा अटी घालाव्यात, असा त्यांचा विचार होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही. असो.

आता आपल्या शौकिनाच्या कामाचं: यंत्र ओळखायचं कसं?

पहिली खूण म्हणजे चाती. आडवी, शंकूसारखी निमुळती आणि बारीक काटे असलेली चाती असेल तर ते कॅम्पबेलच्या घराण्यातलं, म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर किंवा जॉन डिअर. सरळ, गुळगुळीत, तारेसारखी चाती असेल तर रस्टचं घराणं. ही रस्ट यंत्रं अॅलिस-चाल्मर्सने बनवली, आणि आर्कान्सातल्या पाइन ब्लफ गावच्या बेन पिअर्सन कंपनीनेही. ही कंपनी मूळची धनुष्यबाण बनवणारी! चात्या उभ्या असतील तर यंत्र सोव्हिएत. आणि चात्याच नसतील, नुसते रूळ, ब्रश किंवा बोटांसारख्या पट्ट्या असतील तर तो स्ट्रिपर.

दुसरी खूण ट्रॅक्टरच्या तोंडाची. इंटरनॅशनल हार्वेस्टरची सुरुवातीची यंत्रं त्यांच्याच लाल फार्मॉल ट्रॅक्टरवर उलटी बसवलेली असत. म्हणजे मोठी चाकं पुढे, छोटी मागे, आणि ट्रॅक्टर जन्मभर 'रिव्हर्स'मध्ये! कारण साधं आहे. ट्रॅक्टरने झाडं तुडवायच्या आधी चात्यांनी ती गाठली पाहिजेत. त्यासाठी ड्रायव्हरची सीट उंच करून फिरवली आणि गिअरची व्यवस्था बदलून उलट दिशेलाच जास्त वेग दिले. पुढे अनेकांनी वेचणी यंत्र उतरवून भंगारात घातलं आणि ट्रॅक्टर तेवढा ठेवला. असा ट्रॅक्टर हाती लागला की गिअरच्या उलट्या वागण्यावरून त्याचा पूर्वजन्म कळतो.

तिसरी खूण रंग. लाल म्हणजे इंटरनॅशनल, नारिंगी म्हणजे अॅलिस-चाल्मर्स, हिरवा म्हणजे जॉन डिअर. पण रंग कुणीही देऊ शकतो, त्यामुळे नंबरची पट्टी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये. या सगळ्यांतला मानकरी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९४३ चं हे यंत्र 'ओल्ड रेड' या नावाने ओळखलं जातं आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या एका कंपनीकडे ते १९५९ पर्यंत राबत होतं.

२ ऑक्टोबर १९४४ ला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर अशी आठ लाल यंत्रं शेतात उतरली. बघायला अडीच-तीन हजार माणसं जमली होती. चांगला मजूर तासाला २० पौंड वेचायचा, यंत्राने सुमारे १००० पौंड वेचले. मालकाने हिशोब मांडला: एक गाठ हाताने वेचायला ३९.४१ डॉलर, यंत्राने ५.२६ डॉलर. कापूस वेचणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथली लाखो माणसं उत्तरेकडच्या शहरांत गेली.

पण एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. माणसं जायला आधीच सुरुवात झाली होती. त्याच क्लार्क्सडेलजवळच्या दुसऱ्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स १९४३ मध्येच शिकागोला निघून गेला होता. हा तोच ब्लूज गायक, ज्याच्या गाण्यावरून 'रोलिंग स्टोन्स'ने आपलं नाव घेतलं. युद्धामुळे कारखान्यांत पगार मिळत होता, मग कापसात कोण राबेल? मजूर महाग झाला तेव्हा यंत्र परवडू लागलं. १८५० चं पेटंट शंभर वर्षं रखडलं त्यामागे तंत्राची अडचण होतीच, पण स्वस्त हात हेही तेवढंच मोठं कारण होतं. १९५० च्या सुमारास अमेरिकेतला दहावा हिस्सासुद्धा कापूस यंत्राने वेचला जात नव्हता. १९७० पर्यंत जवळजवळ सगळा यंत्रावर गेला.

उलट उदाहरण उझबेकिस्तानचं. ताश्कंदच्या ताशसेलमाश कारखान्यात १९४० च्या दशकाच्या अखेरपासून उभ्या चात्यांची यंत्रं बनत होती. त्यांच्यासाठी पुढे एकच चाक असलेले खास कापसाचे ट्रॅक्टरही होते. पण सोव्हिएत संघ कोसळला, यंत्रं जुनी झाली, आणि सरकार विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, नर्सना शेतात पाठवतच राहिलं. ही पद्धतशीर सक्ती संपायला २०२१ साल उजाडावं लागलं. हात फुकटात मिळत असतील तर तयार यंत्रसुद्धा गंजतं.

आता या उजेडात विदर्भाकडे बघू. नागपूर यंत्रांना बुजणारं गाव होतं का? मुळीच नाही. १८६७ ला रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि लँकेशायर जुन्या 'म्यूल'ला चिकटून बसलं होतं तेव्हा या मिलने रिंग पद्धतीच्या चात्या वापरून दाखवल्या. गावोगाव जिन उभे राहिले. सरकी काढायला यंत्र, गाठी बांधायला यंत्र, सूत काढायला यंत्र... फक्त शेतातून कापूस आणायला बाई!

याला आपल्या भाषेत 'डिपेंडन्सी' म्हणता येईल. एक पॅकेज टाकायला गेलं की ते आणखी चार मागतं. वेचणी यंत्राला पहिलं हवं तसं झाड. बुटकं, सरळ, एकदम फुटणारं. आपल्याकडे १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेलांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला, २००२ मध्ये बीटी आला, आणि शेतं उंच, पसरट, महिनोनमहिने फुटत राहणाऱ्या संकरित पऱ्हाटीने भरली. कोरडवाहू शेतकऱ्याला तेच सोयीचं. पाऊस एकदा दगा देतो, पुढच्या बहराला साथ देतो. यंत्र मात्र एकदाच फिरणार आणि उरलेली बोंडं वाया जाणार. दुसरं हवं पानगळ करणारं रसायन, नाहीतर हिरव्या पानांचा डाग रुईला लागतो. तिसरं, जिनमध्ये काडीकचरा काढणारी जास्तीची यंत्रणा. चौथं, वळायला जागा असलेलं शेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर होती. तिथे सहा ओळींचं धूड वळणार कुठे?

आणि या चारही गोष्टींसाठी धडपडण्याची निकड कुणाला वाटली नाही, कारण वेचणाऱ्या बाईचा हात स्वस्त होता. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण विदर्भातल्या कापसाचा सगळा हिशोब त्यावर उभा होता.

आता तो हिशोब हलतो आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा एकाच वेळी येतात, आणि मजुरासाठी शेजारच्या गावात गाडी पाठवावी लागते. वेचणीचा दर कापसाच्या भावातला मोठा घास घेतो. २०१७ नंतर गुलाबी बोंडअळीने असा दणका दिला की फरदड घेऊ नका, शेत लवकर मोकळं करा, असं तज्ज्ञ सांगू लागले. म्हणजे एकदम फुटणारं, लवकर संपणारं झाड अळीसाठीही हवं आणि यंत्रासाठीही. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात आहे. तिथे बुटक्या वाणांवर आणि दाट लागवडीवर बरंच काम झालं आहे. यंत्र शिरायचं तर याच दारातून.

तेव्हा नागपूरच्या शौकिनाने काय जमवावं? माझं मत, जिन. वेचणी यंत्र नसेल, पण जुन्या जिनिंग कारखान्यांतले रूळ, पट्टे, ओतीव लोखंडाच्या पाट्या आहेत, आणि त्या किलोच्या भावाने भंगारात जातात. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, आज त्या जागेवर मॉल आहे. पाटीवर कंपनी, गाव आणि नंबर असतो. निदान फोटो तरी काढून ठेवावा.

आणि अजून एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. तिला नंबरची पट्टी नाही. एका दिवसात किती किलो, दर काय, कोणत्या वेच्याला कापूस कसा लागतो, बोटं कुठे सोलतात, पैसे कुणाच्या हातात पडतात. हे सगळं आत्ता वेचणाऱ्या बायांना विचारता येतं. हॉपसन मळ्यावर यंत्राचा खर्च सेंटपर्यंत लिहिला गेला. यंत्रामुळे ज्यांचं काम गेलं त्यांचं पुढे काय झालं, ते मात्र त्या मळ्याच्या हिशोबात नव्हतं. आपल्याकडे यंत्र अजून यायचं आहे, त्यामुळे हा हिशोब आधीच मांडायची संधी आपल्याला आहे. यंत्र आल्यावर या बायांना दुसरं काम काय, हा रकानाही त्यात हवा.