शर्यतीच्या इंजिनाचे कुळ



म्हसा येथील जत्रेत बैल घ्यायचा झाला, तर मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी नुसता शिंगांचा रंग पाहून भुलत नाही. तो दात पाहतो, चाल पाहतो आणि “कुठल्या गावचा, कुणाच्या गोठ्यातला?” हे विचारतो. पण मोटारसायकलचा किंवा पंपाचा सुटा भाग घेताना मात्र डबीवरचे नाव वाचून आपण पैसे मोजतो. त्यातून डबीवर ‘रेसिंग’ असे छापले असले, की पोरांना वाटते, हा भाग थेट शर्यतीच्या मैदानातून आला! तो खरा येतो कुठून, ते आज पाहू.

पिस्टनचेच घ्या. शर्यतीच्या पिस्टनचे कुळ विमानाचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबे, निकेल आणि मॅग्नेशियम मिसळून ‘वाय’ नावाचा मिश्रधातू तयार झाला. इंजिनाच्या उष्णतेतही त्याची ताकद टिके. त्याच वंशात पुढे ‘आरआर ५८’ हा धातू निघाला. १९६९ साली आकाशात झेपावलेल्या कॉन्कॉर्ड विमानाच्या बांधणीत तो वापरला गेला. आज ‘२६१८’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या याच जातीच्या धातूचे शर्यतीचे पिस्टन घडवतात.

‘घडवतात’ हा शब्द लक्षात ठेवा. साधा पिस्टन ओतीव असतो. वितळलेला धातू साच्यात ओतला, की झाला. शर्यतीचा पिस्टन बहुधा घडीव असतो. तापवलेला गोळा प्रचंड दाबाखाली ठशात दाबतात. लोहाराने ठोकलेला कोयता ओतीवापेक्षा चिवट असतो, तसेच हे.

ही विद्या काही परदेशातच राहिली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर ओतले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना निघाला. कोल्हापूरकडे उसाचे चरक आणि विहिरींवरची इंजिने दुरुस्त करता करता कारागीर तयार झाले. तेथील ओतशाळा आज मोठमोठ्या वाहन कारखान्यांना ओतीव भाग पुरवतात. पुण्यात १९६१ साली निलकंठराव कल्याणींनी भारत फोर्ज ही कंपनी स्थापन केली. तिचे घडीव क्रँकशाफ्ट परदेशांतही जातात.

म्हणजे पाहा, धातू एकाचा, घडण दुसऱ्याची, लेथवरचे काम तिसऱ्याचे आणि डबीवरचे नाव चौथ्याचे! यात लबाडी नाही. धंद्याची रीतच तशी आहे. लबाडी तेव्हा होते, जेव्हा हलका ओतीव माल घडीव म्हणून किंवा दुसऱ्याच्या नावाच्या डबीत घालून खपवतात. असा पिस्टन कसाऱ्याच्या घाटात फुटला, तर पैसा जातोच, जिवावरही बेतते.

आणखी एक गोष्ट. २६१८ चा पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो. म्हणून सिलिंडरात त्याला जास्त मोकळीक ठेवावी लागते. थंड इंजिनात तो खडखडतो आणि रोजच्या वापरात लवकर झिजतो. शर्यतीचा बैल नांगराला जुंपून काय उपयोग?

तेव्हा भाग घेताना धातू कोणता, ओतीव की घडीव, हे विचारा आणि पक्की पावती घ्या. शिक्षकबंधूंनी मुलांना एकदा तालुक्याच्या लेथवर जरूर न्यावे. डबीवर ज्याचे नाव छापले जात नाही, त्या कारागिराचे हात मुलांना तिथे पाहायला मिळतील.