मागच्या चाकांकडून येणारा खडखडाट : कारण कसे शोधावे?

खराब रस्त्यावर मोटारीच्या मागच्या बाजूने येणारी खडखड हा वाहनधारकांच्या परिचयाचा, पण निदानाला हमखास चकवा देणारा दोष आहे. गुळगुळीत रस्त्यावर गाडी निमूट असते. पेव्हर ब्लॉकचा पट्टा, रंबलर किंवा उखडलेले डांबर आले, की आवाज सुरू होतो. गॅरेजमध्ये नेल्यावर तो नेमका येत नाही. मग 'शॉकअप गेले असतील' असे निदान होते, दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर बदलले जातात आणि परतीच्या वाटेवरच खडखड पुन्हा हजर होते. प्रश्न केवळ वाया गेलेल्या पैशांचा नाही. या आवाजामागे कधी डिकीत सैल पडलेला जॅक असतो, तर कधी तुटलेली स्प्रिंग. जॅककडे महिनाभर दुर्लक्ष केले तरी चालते. स्प्रिंगचे तुटके टोक मात्र टायर कापू शकते. गाडीत बसलेल्याच्या कानाला हे दोन्ही आवाज जवळजवळ सारखेच वाटतात.

कान फसण्याचे कारण साधे आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, तर पोलादातून सुमारे ५,००० मीटर वेगाने. मोटारीचा सांगाडा म्हणजे वेल्डिंगने जोडलेले एकसंध पोलादी कवच. उजव्या चाकापाशी झालेला ठोका त्या कवचातून क्षणात सर्वत्र पसरतो आणि मागचे पोकळ पत्रे ढोलासारखे घुमतात. त्यामुळे डावी-उजवी बाजूदेखील कानावर विसंबून ठरवता येत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाच्या आवाजाचे आवरण नसल्याने अशी खडखड अधिकच ठळकपणे ऐकू येते. ती ऐकू आली म्हणजे गाडी अधिक बिघडली, असे मानण्याचे कारण नाही.

शोधाची सुरुवात चाकांखाली नव्हे, तर डिकीत करावी. स्टेपनी, जॅक, टॉमी, पाना, मागच्या काचेखालचा ट्रे, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या असे सारे सामान बाहेर काढून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी. सीएनजीची टाकी असल्यास तिचे पट्टे आणि बोल्ट नजरेने तपासावेत. त्यांना हात लावण्याचे काम मात्र अधिकृत फिटरचेच. यानंतर मागच्या सीटच्या पाठीचे कुलूप पाहावे. हा भाग मोठा फसवा आहे. मागे माणसे बसली की आवाज थांबतो, म्हणून 'वजन पडल्यावर सस्पेन्शन शांत होते' असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात बसणाऱ्याच्या पाठीचा दाब पडल्याने सीटचे सैल कुलूप घट्ट झालेले असते. पुण्यातील एका परिचितांच्या हॅचबॅकचे दोन्ही शॉकअप याच गैरसमजापायी बदलले गेले. अखेर कुलपाच्या खुंटीभोवती कापडी पट्टी गुंडाळल्यावर आवाज थांबला! आवाजाची जागा शोधण्यासाठी मागे माणूस बसवण्यापेक्षा मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो आळीपाळीने दोन्ही चाकांच्या कमानींवर चिकटपट्टीने बसवावा. त्याचे वजन नगण्य असते आणि दोन मुद्रणांची तुलना निवांतपणे करता येते.

आवाजाचे वर्णन नेमके करता आले, तर निम्मे काम होते आणि त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पातळ पत्र्याची 'खणखण' बहुधा सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्र्याची असते. गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवल्यावरही ती ऐकू आली, तर सस्पेन्शनचा संशय सोडून द्यावा. 'कुरकुर' ही बहुधा सुकलेल्या रबरी बुशांची. ब्रेक लावताना किंवा गाडी हलताना येणारा एकच 'धप्प' आवाज अॅक्सलला सांगाड्याशी जोडणाऱ्या मोठ्या बुशांकडे बोट दाखवतो. आणि कमी वेगात, बारीक खाचखळग्यांवर होणारी जलद 'ठकठक' ही शॉकअपच्या वरच्या जोडाची खूण समजली जाते. खडखड सुरू असताना, मोकळ्या जागी अगदी मंद वेगात, ब्रेकचे पेडल हलकेच दाबावे. आवाज तत्क्षणी थांबला, तर दोष ब्रेकच्या सैल शूज किंवा पॅडमध्ये असण्याची शक्यता मोठी.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तरच गाडी उचलावी. येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. ती चाकेच उचलल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

खाली काय दिसेल, ते गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. २०१४ पर्यंत तयार होणारी अॅम्बॅसडर, २०१९ पर्यंतची ओम्नी किंवा महिंद्रची बोलेरो या गाड्यांच्या मागे पाटे आहेत. त्यांत शॅकलचे बुश झिजतात, पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट सैल होतात आणि क्वचित पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटून अॅक्सलच सरकतो. १९९८ च्या टाटा इंडिकात प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र आर्म होता, तर २००५ मध्ये भारतात आलेल्या स्विफ्टमध्ये आणि त्यानंतरच्या बहुसंख्य छोट्या मोटारींत दोन चाकांना जोडणारी टॉर्शन बीम आणि कॉइल स्प्रिंग आहेत. या स्प्रिंगचे खालचे टोक ज्या वाटीत बसते, तिच्यात पावसाळ्यातील चिखल साठून राहतो. गंज तेथूनच पोखरत जातो. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. पुष्कळदा शेवटचा अर्धा-पाऊण वेढाच तुटतो. गाडीची उंची फारशी बदलत नाही आणि दोष नजरेतून निसटतो. म्हणून स्प्रिंग फडक्याने पुसून, बॅटरीच्या उजेडात दोन्ही टोकांपर्यंत पाहावी.

शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, तर तो बदलणे योग्यच. तेही दोन्ही बाजूंचे एकदम. पण तेल गळत नसताना आधी जोड पाहावा. अनेक हॅचबॅक गाड्यांत शॉकअपचे वरचे टोक डिकीच्या आतील आवरणाखाली असते. तेथे दांड्याला वर-खाली दोन रबरी चकत्या आणि एक नट असतो. चकत्या दबल्या, की दांडा एक-दोन मिलिमीटर मोकळा होतो आणि तेवढ्याने गाडी दुमदुमते. गाडी चाकांवर उभी असताना एकाने ती बाजूने हलवावी आणि दुसऱ्याने त्या नटावर बोट ठेवावे. खिळखिळेपणा बोटाला स्पष्ट जाणवतो. नवा शॉकअप बसवताना जुन्याच चकत्या वापरल्या गेल्या असतील, तर आवाज जाणार तरी कसा? बिलात त्यांचा वेगळा उल्लेख आहे का, ते पाहावे.

बुश बदलताना होणारी एक चूक तर चांगल्या गॅरेजमध्येही दिसते. टॉर्शन बीमचे किंवा आर्मचे बुश हे धातूला चिकटवलेले रबर असते. ते फिरत नाही, तर पिळले जाते. गाडी हवेत, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि अल्पावधीत फाटते. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवून, चाकांवर गाडीचा भार आल्यावरच तो निर्मात्याने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावा. तसेच पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळावर डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची आपल्याकडील जुनी पद्धत रबराला घातक आहे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि भुसभुशीत होते. कुरकुर चार दिवस थांबते, पण बुश कायमचा जातो.

दुरुस्तीत एका वेळी एकच भाग बदलावा आणि लगेच त्याच रस्त्यावर चाचणी घ्यावी. चार भाग एकदम बदलल्यास आवाज थांबेलही, पण दोषी कोणता होता ते कळत नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून तो आवाज प्रत्यक्ष ऐकवावा, काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि चाके उतरवली असतील, तर ५० ते १०० किलोमीटरनंतर त्यांचे नट पुन्हा तपासून घ्यावेत. स्प्रिंग तुटलेली, पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला किंवा शॉकअपचा जोड निखळलेला आढळल्यास मात्र गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये, टोइंग व्हॅन बोलवावी.