तलाठी नाना पाटील

क्रांतिसिंह नाना पाटील आधी तलाठी होते, ही गोष्ट त्यांच्याविषयी बोलताना एका वाक्यात उरकली जाते. मला ती फार मोलाची वाटते. येडेमच्छिंद्रच्या या शेतकऱ्याच्या मुलानं १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली, तेव्हा गावचं दप्तर त्यांना आतून ठाऊक होतं. कुणाचं रान गहाण पडलंय, कुणाचा सारा थकलाय, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. पिंड सत्यशोधकी, भाषा शिवारातली.

१९४३ मध्ये सातारा भागात नानांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचं नाव निघालं की शेणोलीची रेल्वेलूट, धुळ्याचा खजिना, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आठवतात. ते धाडस थोरच. आमच्या घरात मात्र आठवण राहिली ती प्रतिसरकारनं रुजवलेल्या साध्या लग्नाची. आजीचं ‘गांधी लग्न’ झालं होतं. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही. अंगावर खादी आणि गळ्यात सुताचा हार. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नापायी गहाण टाकलेलं रान पणजोबांना कधीच सोडवता आलं नाही. ‘माझ्या लग्नानं कुणाचं रान गेलं न्हाई,’ असं आजी म्हातारपणीही ताठ मानेनं सांगायची. नानांच्या ‘आपुला आपण करू कारभार’ या घोषणेचा अर्थ मला तिच्याकडून कळला. न्यायदान मंडळं, दारूबंदी हे सगळं त्याच कारभारातलं.

स्वातंत्र्यानंतर नाना काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. याला धरसोड म्हणणं मला पटत नाही. कसणाऱ्याचा प्रश्न जिथं पुढं रेटला जाईल, तिथं ते गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यानं त्यांना लोकसभेत पाठवलं. त्याच वेळच्या विधानसभा निवडणुकीत कराडात यशवंतराव चव्हाण जेमतेम तरले. दिल्लीतही नाना मराठीतून बोलले.

पुढं कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले. सांगलीचा तुरुंग फोडून निसटलेले वसंतदादा पाटील त्या कामाचे कर्ते पुरुष. अशा कारखानदार नेत्यांकडे उसाला भाव होता, पोरांना नोकरी होती. नानांच्या हातात देण्यासारखं असं काहीच नव्हतं. तरीही १९६७ मध्ये ते पुन्हा खासदार झाले, आणि तेही बीडमधून. कृष्णेचं पाणी ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, अशा कोरडवाहू शेतकऱ्यांनी त्यांना आपला माणूस मानलं. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हाच कौल सगळ्यांत मोठा वाटतो.