होशरुबाचा खरा बादशहा कोण?

'तिलिस्म-ए-होशरुबा'चे नाव उर्दू माध्यमात शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. जादूगारांची आणि अय्यारांची गोष्ट म्हणून आपण ती करमणुकीत जमा करतो. आम्ही शाळेत इतिहास शिकवतो म्हणून असेल, आम्हाला मात्र त्यातले राजकारण जास्त खुणावते.

अमीर हमजाची दास्तान ४६ खंडांची. होशरुबा हा तिचा एक भाग. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून त्याचे सात खंड छापले. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे तीन अहमद हुसेन कमर यांचे.

दास्तान सांगते की, जादूगारांनी मिळून हा मायावी मुलूख उभा केला आणि आपल्यातल्याच लाचीनला गादीवर बसवले. पुढे त्याचाच नायब अफरासियाब याने त्याला हटवून गादी बळकावली. मग खुदाईचा दावा करणाऱ्या लकाचा पाठलाग करीत हमजाचे लष्कर सरहद्दीवर येते. हमजाचा नातू असद आत शिरतो. अफरासियाबच्या राज्यातली थोर जादूगारीण महरुख हिची नात महजबीन त्याच्या प्रेमात पडते आणि महरुख आपल्या बादशहाविरुद्ध उभी राहते.

आता न्याय कोणाच्या बाजूने? अफरासियाब गासिब आहे, हे खरे. मग हकदार लाचीन. पण हमजाचे लष्कर लाचीनसाठी आलेले नाही, ते लकाच्या मागावर आले आहे. महरुख तर गासिबाच्याच राज्यात मानाने राहत होती. नातीवर बेतले तेव्हा ती उठली. एका छावणीत ती बागी ठरते, दुसऱ्या छावणीत ईमानवाली. आणि लाचीनला निवडले ते जादूगारांनी. रयतेला कोणी विचारले होते?

येथे एक मोह होतो. १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले, वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले आणि पुढच्याच वर्षी लखनौ पेटले. त्यानंतर २६ वर्षांनी त्याच शहरात, बळकावलेल्या गादीची ही कथा छापली गेली. तेव्हा अफरासियाब म्हणजे कंपनी, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. परंतु बाहेरून चाल करून येणारा तर हमजा आहे! मग कंपनी कोण? दोन्ही बाजूंना लागणाऱ्या किल्लीवर आपण भरवसा ठेवू नये. शिवाय हमजाची कथा फार जुनी. सोळाव्या शतकात अकबराच्या चित्रकारांनीही ती रंगवली होती. लखनौच्या वाचकाला आपला उजाड दरबार आठवला असेल, एवढेच म्हणता येते. लिहिणाऱ्याच्या मनात तेच होते, असे म्हणायला पुरावा लागतो.

एकाच घटनेला दोन नावे पडतात, हे आपल्याला नवीन नाही. १८५७ ला उर्दूत 'गदर' म्हटले गेले. वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' लिहिला तेव्हा मराठीतही ते 'बंड'च होते. स्वातंत्र्ययुद्ध हे नाव नंतर रुजले.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, हमजा आपले ना?" प्रश्न निरागस होता, पण आम्ही थबकलो. जुन्या बादशहांचा हिशेब या मुलांकडे रोज मागितला जातो. अमका तुमचा, तमका आमचा. मुलेही मग तसाच विचार करू लागतात. आम्ही त्याला सांगितले, "हमजा दास्तानचा नायक आहे. पण ही हकीकत त्याच्या छावणीतून सांगितलेली आहे, एवढे लक्षात ठेव. आता अफरासियाबच्या दरबारातल्या मुन्शीने हाच दिवस कसा लिहिला असता, ते लिहून आण."

दुसऱ्या दिवशी मुलांनी वह्या आणल्या. कोणाच्या वहीत महरुख नमकहराम होती, कोणी तिला माफी दिली होती. लाचीनचे नाव मात्र एकाही वहीत नव्हते. तेव्हा आम्ही पुढचा धडा त्याच्यापासून सुरू केला.