दोन टेपांची एक मैफल

रंगलेली मैफल दोन जागांवरून टेप करता येते. एक तर थेट मिक्सरमधून, नाहीतर श्रोत्यांत माइक उभा करून. मिक्सरच्या टेपवर शब्द न शब्द कळतो, पण टाळ्या नसतात, सभागृहाची गुंज नसते. श्रोत्यांतल्या टेपवर सगळा माहोल असतो, शेजारच्याच्या गप्पांसकट. लाइव्ह अल्बम काढणाऱ्या कंपन्या श्रोत्यांचे माइक वेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर मिसळत. पण त्याला बहुट्रॅक यंत्रं लागत, पैसा लागे. या दोन टेपांची गाठ घालायची हौशी पद्धत रुळली ती कॅलिफोर्नियाच्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या गोतावळ्यात. झाकीर हुसेन यांच्याबरोबर तालवाद्यांचे प्रयोग करणारा मिकी हार्ट याच बँडचा ड्रमर होता.

बँड 1965 साली उभा राहिला. त्यांचा साउंड इंजिनियर औस्ली स्टॅनली मिक्सरमधून कार्यक्रम टेप करून ठेवी. आपण आवाज कसा लावला आणि कुठे चुकलं, हे नंतर ऐकून तपासायची त्याची ही रीत होती. दुसरीकडे चाहते आपापले माइक घेऊन येत आणि टेपांची आपसात, पैसे न घेता, देवाणघेवाण करत. बँडने या हौसेकडे काणाडोळा केला. पुढे माइकच्या काठ्यांचं रान इतकं माजलं की, मिक्सरवर बसलेल्या डॅन हीलीला रंगमंच दिसेना. ऑक्टोबर 1984 मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमांपासून टेप करणाऱ्यांना वेगळी तिकिटं आणि मिक्सरच्या मागची जागा मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द हीलीच मिक्सरच्या आवाजात सभागृहातल्या माइकचा आवाज मिसळून टेप करू लागला. अशा रेकॉर्डिंगला संग्राहक ‘मॅट्रिक्स’ म्हणतात.

मिसळणं वाटतं तितकं सोपं नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. स्पीकरपासून 30 मीटरवरच्या माइकला तो सेकंदाच्या जवळजवळ अकराव्या भागाइतका उशिरा मिळतो. वायरीतून मात्र तत्क्षणी. दोन्ही तसेच मिसळले तर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा पडतो. फरक काही मिलिसेकंदांचाच असेल तर ठोका एकच ऐकू येतो, पण काही कंपनं एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून मिक्सरचा आवाज तेवढाच मागे ओढावा लागतो. संगणक आल्यावर हे काम घरी होऊ लागलं: दोन्ही ट्रॅकच्या आलेखांवर ड्रमचा एकच ठोका शोधायचा आणि शिखराला शिखर भिडवायचं. तरी एक दुखणं उरतं. वेगवेगळ्या दोन रेकॉर्डरची घड्याळं तंतोतंत एका चालीची नसतात. पहिल्या गाण्याला जुळलेले ट्रॅक तासाभराने पुन्हा फाकतात, मग त्यातला एक किंचित ताणावा किंवा आखडावा लागतो.

लहान क्लबात गणित आणखी वेगळं. तिथे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रम जात्याच कानठळ्या बसवतात, म्हणून इंजिनियर त्यांना मिक्सरमधून फारसं पाठवत नाही. अशा ठिकाणच्या मिक्सरच्या टेपवर गायक मोठा आणि गिटार मुंगीएवढी. उलट रंगमंचाच्या काठावर ठेवलेल्या माइकला वाद्यं भरघोस मिळतात, पण गाणं नीट मिळत नाही, कारण गायकाचा आवाज सोडणाऱ्या स्पीकरांची तोंडं श्रोत्यांकडे असतात. एकाची उणीव दुसरा नेमकी भरून काढतो. आता दोन माइक आणि मिक्सरच्या दोन वायरी एकाच रेकॉर्डरला जोडता येतात. घड्याळ एकच, त्यामुळे ट्रॅक फाकत नाहीत.

हौशींचा जुना वाद मात्र चालूच आहे. श्रोत्यांतली टेप खरी, की मिक्सरची? मॅट्रिक्सचा या खरेपणावर दावाच नाही. गायकाच्या ओठांशी एक कान आणि विसाव्या रांगेत दुसरा, अशी खुर्ची कुठल्याच सभागृहात नसते. ती टेपवर बनवावी लागते, आणि ती कुठे मांडायची हे मिसळणाऱ्याच्या आवडीवर ठरतं.